डोंगरातली सुट्टी आणि घरची माणसं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

उन्हाळ्याच्या सुट्टीत डोंगरात जाणाऱ्या कुटुंबांकडून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. बऱ्याच पत्रांत एकच खंत आहे. जागा सुंदर होती, हवा सुंदर होती, पण निवांत एकत्र बसणं काही झालं नाही. आमच्या मते याचं मूळ बहुतेक वेळा वेळापत्रकात आणि शरीराच्या साध्या गरजांत असतं, म्हणून उत्तरं तिथूनच सुरू केली आहेत.

प्रश्न : आमची सहा दिवसांची सहल आहे. तीन ठिकाणी थोडे थोडे दिवस राहायचं ठरतंय. मागच्या वेळीही असंच केलं होतं आणि सगळे दमून, एकमेकांवर चिडून परतलो. चुकतं कुठे?

उत्तर : मुक्काम हलवायला खरा वेळ किती लागतो, तो एकदा कागदावर मांडा. सामान भरणं, न्याहारी आणि निघण्याची आवराआवर यात दीड तास जातो. घाटरस्त्यावर गाडीचा सरासरी वेग ताशी २५ ते ३० किलोमीटर धरावा, म्हणजे ९० किलोमीटरला थांब्यांसह चार तास. पोचल्यावर खोली मिळेपर्यंतचा वेळ, सामान लावणं आणि मुलांना नवी जागा दाखवणं यात आणखी एक तास. असे साडेसहा तास झाले. सहा दिवसांत दोनदा मुक्काम हलवला की एक अख्खा दिवस त्यातच संपतो. जाण्यायेण्याचे दोन दिवस वजा केले की हातात तीन उरतात आणि तेही तुकड्या-तुकड्यांत.

आमचा सल्ला स्पष्ट आहे : सहा दिवसांना एकच मुक्काम, आठ-नऊ दिवस असतील तर फार तर दोन. एकाच जागी राहिलं की तिसऱ्या दिवसापासून मुलांना पायवाट पाठ होते, ओढ्यावर कुठल्या दगडावर पाय द्यायचा ते कळतं, आजी-आजोबांना उन्हाची खुर्ची सापडते. घरच्यांशी गप्पा रंगायला जागेची अशी ओळख लागते. रोज नवी खोली असेल तर सगळ्यांचा जीव पिशव्या, चार्जर आणि चपला शोधण्यात अडकतो.

म्हणूनच जागा ठरवताना खिडकीतल्या दृश्यापेक्षा तीन गोष्टी आधी विचारा. सगळ्यांना एकत्र बसता येईल असा व्हरांडा किंवा ओसरी आहे का? दाराबाहेर पडल्यावर गाडी न काढता दहा मिनिटांत पोचता येईल असं माळरान, रान किंवा पाणी आहे का? आणि रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? ही शेवटची गोष्ट जाहिरातीत कधी लिहिलेली नसते. डोंगरउतारावरच्या घराला साठ-सत्तर पायऱ्या सहज असतात, आणि गुडघे दुखणारं माणूस मग दिवसातून एकदाच खाली उतरतं.

पहिला दिवस पूर्ण रिकामा ठेवा. पुढे एक दिवस फिरण्याचा, एक दिवस मोकळा, असा क्रम धरा. निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाने दोन ओळी लिहाव्यात : सगळ्यांनी मिळून करायची एक गोष्ट आणि एकट्याने करायची एक गोष्ट. दुसरी ओळ गाळू नका. चोवीस तास एका खोलीत राहणाऱ्या मोठ्या माणसांना दिवसातून तास-दीड तास एकटेपण मिळालं नाही, तर चौथ्या दिवशी क्षुल्लक कारणावरून भांडण होतं. कोण कधी मोकळं असेल आणि तेव्हा मुलं कोणाकडे असतील, हे सकाळीच ठरवून टाका.

प्रवास आरामाचा असणं का महत्त्वाचं, याबद्दल नेदरलँड्समधला २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगण्याजोगा आहे. येरून नावाइन आणि सहकाऱ्यांनी १,५३० प्रौढांची पाहणी केली. सुट्टीला जाणारे लोक जाण्याआधी इतरांपेक्षा जास्त आनंदी आढळले. परतल्यावर मात्र हा फरक फक्त ‘सुट्टी अगदी निवांत गेली’ असं सांगणाऱ्यांमध्ये टिकला होता. आनंदाचा मोठा वाटा तयारीत असतो, हा यातला दुसरा धडा. त्यामुळे नकाशा महिनाभर आधी भिंतीवर लावा आणि बेत मुलांना बरोबर घेऊन आखा.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीला घाटात हमखास उलटी होते. तिला प्रवासाचीच भीती बसली आहे. शिवाय तिचे कानही दुखतात.

उत्तर : आतल्या कानातला तोल सांभाळणारा अवयव ‘आपण वळतोय’ असं सांगतो आणि पुस्तकावर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर खिळलेले डोळे ‘आपण स्थिर आहोत’ असं सांगतात. या विसंगतीतून मळमळ होते. दोन वर्षांखालच्या मुलांना हा त्रास सहसा होत नाही, त्यानंतर बारा वर्षांपर्यंत तो सर्वांत जास्त असतो. म्हणजे तुमची मुलगी यातून बहुधा मोठी होता होता बाहेर पडेल, हे तिलाही सांगा.

मधल्या सीटवर, पण समोरच्या काचेतून लांबचा रस्ता दिसेल अशा बेताने तिला बसवा. वयानुसार लागणारी मुलांची सीट असेल तर तिच्यामुळे उंची मिळते आणि बाहेर दिसतं, हा तिचा जास्तीचा फायदा. पुस्तक आणि मोबाइल घाट संपेपर्यंत बंद. रिकाम्या पोटी नेऊ नका आणि पोट भरूनही नेऊ नका. निघण्याआधी एक-दीड तास कोरडं, कमी तेलाचं थोडंसं खाणं पुरे. खिडकी दोन बोटं उघडी ठेवा, गाडीतला सुगंध काढून टाका. उलटीवरचं औषध डॉक्टरांना वयाप्रमाणे मात्रा विचारूनच द्यावं, आणि तेही घाट सुरू होण्याच्या अर्धा ते एक तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर दिलेल्या औषधाचा फारसा उपयोग होत नाही. या औषधांनी झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नयेत.

चालवण्याच्या पद्धतीचा वाटा मोठा आहे. वळणाआधी वेग कमी करून वळणात एकसारखा ठेवला की मागच्यांचं डोकं हलत नाही. वळणात ब्रेक मारला की पोट ढवळतं. उतरताना, ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापून त्यांची पकड जाते, आणि गाडी न्यूट्रलमध्ये सोडणं तर थेट जिवाशी खेळ. दर ४५ मिनिटांनी रुंद जागा पाहून थांबा आणि मुलांना दहा मिनिटं पायी चालू द्या.

कान दुखतात ते हवेचा दाब बदलल्यामुळे, बहुतेकदा उतरताना. गिळण्याने कान आणि घसा यांना जोडणारी नळी उघडते, म्हणून उतार सुरू होताच घोट घोट पाणी द्या किंवा चघळायला काही द्या. तान्ह्या बाळाला पाजावं. झोपेत गिळणं कमी होतं, त्यामुळे मोठ्या उतारावर मूल जागं असलेलं बरं. सर्दी जोरात असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : ६८ वर्षांचे वडील (रक्तदाबाची गोळी चालू) आणि चार वर्षांचा मुलगा बरोबर आहेत. मुक्काम २,८०० मीटरवर आहे. काळजीचं कारण आहे का?

उत्तर : काळजीपूर्वक जाण्यासारखी उंची आहे, घाबरण्यासारखी नाही. २,५०० मीटरच्या खाली उंचीचा त्रास क्वचित होतो. त्यावर झोपायला लागलं की प्रमाण वाढतं, कारण तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांश उरतो आणि प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढ्या प्रमाणात कमी मिळतो. शरीर जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात.

सखल भागातून एका दिवसात थेट २,८०० मीटरवर झोपायला जाऊ नका. वाटेत १,५०० ते २,००० मीटरच्या दरम्यान एक रात्र काढा, शक्य असेल तर दोन. याच कारणासाठी, एकच मुक्काम ठेवण्याच्या आमच्या सल्ल्याला इथे अपवाद करावा. ३,००० मीटरच्या वर जायचं असेल, तर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपायला येण्याने फारसं बिघडत नाही.

वडिलांच्या डॉक्टरांना निघण्याआधी दोन-तीन आठवडे भेटा, कारण पहिले काही दिवस रक्तदाब थोडा वाढू शकतो. गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवा, एक पाकीट त्यांच्या खिशात आणि एक तुमच्या पिशवीत. पहिले दोन दिवस मद्य आणि झोपेच्या गोळ्या नकोत, दोन्हींमुळे झोपेतला श्वास मंदावतो.

लक्षणं पोचल्यावर काही तासांनी, बहुतेकदा पहिल्या रात्री सुरू होतात. डोकेदुखी, आणि तिच्या जोडीला मळमळ, भूक न लागणं, थकवा किंवा गरगरणं. चार वर्षांचं मूल ‘डोकं दुखतं’ असं नेमकं सांगेलच असं नाही. ते किरकिर करतं, जेवत नाही, खेळणं सोडतं, झोपत नाही, उलटी करतं. ‘हट्ट करतोय’ म्हणून रागावण्याआधी पोचून किती तास झाले ते आठवा. त्रास सौम्य असेल तर आणखी वर जायचं नाही, विश्रांती आणि पाणी. वाढत असेल तर खाली उतरायचं. तीनशे ते हजार मीटर उतरल्याने बहुतेक वेळा फरक पडतो. बसल्या जागी धाप, सरळ रेषेत चालता न येणं, गोंधळलेलं बोलणं यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असो वा पाऊस, त्याच क्षणी खाली आणि दवाखान्यात. इथे सकाळची वाट पाहू नये.

प्रश्न : मुलांबरोबर किती लांब चालता येईल, याचा काही हिशेब आहे का? आमचा अंदाज दर वेळी चुकतो आणि शेवटचा तास रडारडीत जातो.

उत्तर : आहे, आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली तो मांडला : सपाटीवर ताशी ५ किलोमीटर, आणि चढाच्या प्रत्येक ६०० मीटरला एक तास जास्त. हा धडधाकट मोठ्या माणसाचा न थांबता चालण्याचा वेळ आहे. सहा ते दहा वर्षांच्या मुलांबरोबर आम्ही तो दुप्पट धरतो. उदाहरणार्थ, जाऊन-येऊन ६ किलोमीटर आणि ३०० मीटर चढ. नेस्मिथच्या हिशेबाने एक तास बारा मिनिटं अधिक तीस मिनिटं, म्हणजे पावणेदोन तासांच्या आत. मुलांबरोबर साडेतीन तास. सकाळी सातला निघालात तर साडेदहाला परत, खेळायला तासभर दिला तरी दुपारच्या जेवणाला घरी.

तुमचा शेवटचा तास बिघडतो, कारण परतीची वेळ ठरलेली नसते. ‘अजून त्या वळणापर्यंत’ असं करत मोठी माणसं पुढे जात राहतात, आणि मुलांची ताकद संपते तेव्हा परतीचा रस्ता अख्खा उरलेला असतो. निघतानाच घड्याळातली वेळ ठरवा : नऊ वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं. टोक गाठलं नाही तरी चालेल, हे मुलांना आधीच सांगितलेलं असावं.

चालण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. सर्वांत लहान चालणारं मूल पुढे, त्याच्या लगेच मागे एक मोठं माणूस, शेवटी दुसरं मोठं माणूस. बाबा पुढे आणि मुलं धापा टाकत मागे अशी रांग असली, की बाबा थांबून विश्रांती घेतात आणि मुलं पोचताक्षणी ते पुन्हा चालू लागतात. मुलांना विश्रांती मिळतच नाही. मुलाच्या पाठीवरचं ओझं त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नको. २५ किलोच्या मुलाला अडीच किलो, म्हणजे त्याचं पाणी, एक गरम कपडा आणि खाऊ. खाऊ दर ४५ मिनिटांनी थोडा थोडा, भूक लागली असं म्हणण्याच्या आधी. चालताना पाणी मोठ्या माणसाला ताशी साधारण अर्धा लिटर, ऊन कडक असेल तर जास्त.

लहान बाळ पाठीवरच्या झोळीत असेल तर एक चूक नेहमी होते. उचलणाऱ्याला घाम येत असतो, म्हणून बाळालाही कमी कपडे घातले जातात. बाळ मात्र हलत नसतं, त्याला वारा लागत असतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी त्याची मान आणि पावलं हात लावून पाहा. वर चढताना हवा दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, हे लक्षात ठेवून कपडे घ्या.

उलट, ऊन तिखट होत जातं. अतिनील किरणांचं प्रमाण हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढतं, आणि गार वाऱ्यामुळे कातडी भाजतेय हे कळत नाही. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्या, ३० किंवा जास्त एसपीएफचं क्रीम दर दोन तासांनी. चेहरा आणि मानेसाठी मोठ्या माणसाने दोन बोटांच्या लांबीइतकं क्रीम घ्यावं. यापेक्षा कमी लावलं तर डब्यावर लिहिलेलं संरक्षण मिळत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला क्रीम न लावता सावलीत ठेवावं.

प्रश्न : दुपारी रोज पाऊस आणि विजा. अर्धी सुट्टी खोलीत जाते.

उत्तर : उन्हाळ्यात डोंगरात हे बऱ्याच ठिकाणी रोजचंच असतं. सकाळी उतार तापतात, त्यावरची हवा वर चढते, थंड होते, आणि दुपारपर्यंत तिचे उंच ढग होतात. फिरणं पहाटे सुरू करून दुपारी बाराच्या आत उघड्या माथ्यावरून खाली येणं हा त्यावरचा सरळ उपाय. फुलकोबीसारखे ढग रुंदीपेक्षा उंचीने वाढताना दिसले, की बेत आवरता घ्या.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात, त्यामुळे तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर. तीसच्या आत ऐकू आलं तर पक्क्या इमारतीत किंवा बंद काचांच्या गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबा. एकटं झाड, उघडी शेड, तंबू आणि कडा यांचा आसरा नको. वर पाऊस पडत असेल तर इथे कोरडं असतानाही ओढ्याचं पाणी अचानक चढतं. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला, की मुलांना लगेच काठावरून वर घ्या.

खोलीतली दुपार वाया गेली असं मानू नका. पहाटे उठलेल्या सगळ्यांना तेव्हा झोप हवी असते. त्यानंतरच्या दोन तासांसाठी सामानात पत्त्यांचा जोड, कोरी वही, जाड खडू आणि दोरी ठेवा. सकाळच्या वाटेचा नकाशा वहीत आठवणीने काढणं हा खेळ पाच वर्षांच्या मुलापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना खेळता येतो. कोणाला ओढा आठवतो, कोणाला कुत्रा, कोणाला धाप लागलेली जागा. सकाळ पुन्हा एकदा सगळ्यांची होते.

प्रश्न : पंधरा वर्षांचा मुलगा मोबाइलमधून डोकं वर काढत नाही.

उत्तर : मोबाइल काढून घेऊ नका, त्याला काम द्या. निघण्याआधी नकाशा उतरवून घेणं, वाट ओळखणं, चढ किती झाला ते सांगणं हे सगळं त्याच्याकडे सोपवा. जीपीएस उपग्रहांवर चालतं, त्याला नेटवर्क लागत नाही, नकाशा मात्र आधी फोनमध्ये असायला हवा. दुर्बळ सिग्नल शोधत राहिल्याने बॅटरी लवकर संपते, म्हणून चालताना फ्लाइट मोड. त्यात ‘बॅटरी वाचवायची’ हे पटणारं कारण आहे. जेवणाच्या वेळी मात्र सगळ्यांचे फोन एका टोपलीत, आई-बाबांचे सर्वांत आधी.

प्रश्न : स्वयंपाकाची सोय असलेलं घर घेतो, पण मग माझी सुट्टी चुलीपाशी जाते. आणि तिथे काही लवकर शिजतही नाही!

उत्तर : दुसरी तक्रार भौतिकशास्त्राची आहे, ती आधी संपवू. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी कमी तापमानाला उकळतं : १,५०० मीटरवर साधारण ९५ अंशांना, ३,००० मीटरवर ९० अंशांना. गॅस कितीही मोठा केला तरी उघड्या भांड्यातलं पाणी त्याहून गरम होत नाही, नुसतं आटतं. त्यामुळे बटाटे आणि कडधान्यं उघड्यावर शिजायला खूप जास्त वेळ घेतात. प्रेशर कुकर न्या. त्यात दाब आपण तयार करतो, म्हणून फरक थोडाच पडतो. कडधान्यं आदल्या रात्री भिजत घाला. ओढ्याचं पाणी प्यायचं झाल्यास खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं उकळत ठेवा.

पहिली तक्रार जास्त गंभीर आहे. एका माणसाच्या श्रमावर उभी असलेली सुट्टी ही कुटुंबाची सुट्टी म्हणताच येणार नाही. ‘मदत करा’ असं मोघम सांगून काही होत नाही, कारण मग काय करायचं ते सांगण्याचं कामही तुमच्याच डोक्यावर राहतं. निघण्याआधी जेवणं वाटून टाका. प्रत्येक जेवणाला एक मोठं माणूस आणि एक मूल. काय करायचं, सामान काय लागेल, भांडी कधी घासायची हे सगळं त्या जोडीचं. पहिल्या जेवणाला उशीर होईल, मीठ कमी-जास्त होईल. तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, ही एकच अट पाळा. दोन वेळचं गरम जेवण पुरे, तिसरं कोरडं असू द्या.

प्रश्न : रात्री मुलांना तारे दाखवायचे आहेत. दुर्बीण घ्यावी का?

उत्तर : पहिल्या खेपेला नको. दोन जाड चादरी, गरम कपडे आणि संयम पुरे. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिलं की तो सराव मोडतो. मंद प्रकाशात काम करणाऱ्या डोळ्यांतल्या पेशींना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही, म्हणून टॉर्चवर लाल कागद बांधा. अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडा. दरीच्या तळाशी बसू नका. रात्री थंड, जड हवा उतारांवरून खाली सरकते आणि तळाशी साचते. तळापासून थोडं वर, वाऱ्याच्या आडोशाला बसलं तर जास्त वेळ टिकाव लागतो.

उत्तर गोलार्धात मे ते ऑगस्टमध्ये दक्षिणेकडे वृश्चिकाचा बाक दिसतो, त्यातला तांबूस तारा म्हणजे ज्येष्ठा. त्याच्या डावीकडे, धनू राशीच्या दिशेने, आकाशगंगेचा सर्वांत दाट पट्टा. मे महिन्यात तो दिसायला रात्री उशिरापर्यंत जागावं लागतं, जुलैत अंधार पडताच दिसतो. पूर्वेकडे अभिजित, श्रवण आणि हंस या तीन ठळक ताऱ्यांचा मोठा त्रिकोण आहे. श्रवण सुमारे १७ प्रकाशवर्षं दूर आहे, अभिजित सुमारे २५. म्हणजे सतरा वर्षांच्या ताईला सांगता येतं की आत्ता डोळ्यांत शिरलेला श्रवणाचा प्रकाश ती जन्मली त्या सुमारास निघालेला आहे. अभिजितचा प्रकाश निघाला तेव्हा आई-बाबा कुठे होते, हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात, आणि त्यानंतरच्या गप्पा बराच वेळ चालतात. फिकट तारा पाहायचा असेल तर थेट त्याच्याकडे न पाहता किंचित बाजूला पाहायला शिकवा, तो जास्त स्पष्ट दिसतो.

प्रश्न : फोटो काढावेत की नुसतं पाहावं? घरात यावरून वाद होतो.

उत्तर : मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले, त्या नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा त्यांना कमी आठवल्या. पण वस्तूचा एखादा भाग जवळून टिपणाऱ्यांची आठवण मात्र कमी झाली नाही. यावरून आम्ही सुचवू की दिवसाला एकच माणूस छायाचित्रकार असावा, रोज वेगळा, लहान मुलंही. त्याने डोंगराचे पन्नास फोटो काढण्याऐवजी आजीचे हात, चिखलाचे बूट, ओसरीवरचा पत्त्यांचा डाव टिपावा. बाकीच्यांचे फोन आत. आणि रोज जो फोटो काढतो तो फोटोत नसतो, म्हणून पाळी बदलायची. बऱ्याच घरांच्या सहलींच्या फोटोंत आई किंवा बाबा यांपैकी एकजण कुठेच दिसत नाही.

प्रश्न : शेवटचा दिवस नेहमी धावपळीचा आणि चिडचिडीचा होतो. तो कसा सुधारावा?

उत्तर : मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी एकदा १४ अंशांच्या गार पाण्यात एक मिनिट हात ठेवला, आणि एकदा तेवढंच करून पुढे आणखी अर्धा मिनिट, ज्यात पाणी हळूहळू एका अंशाने कोमट होत गेलं. पुन्हा कोणतं कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचा प्रकार निवडला. आठवणीत अनुभवाचा शेवट फार वजनदार ठरतो.

म्हणून निघण्याच्या आदल्या दुपारीच सामान भरा. अंगावरचे कपडे, दात घासायचं सामान आणि औषधं एवढंच बाहेर. ओले कपडे आणि बूट वेगळ्या पिशवीत. शाम्पू आणि क्रीमच्या बाटल्या डोंगरावर उघडताना तोंड वर करून उघडा आणि परतीला पिशवीत बांधा, दाब बदलल्याने त्या गळतात. सकाळी निघण्याआधी सगळ्यांनी मिळून ओळखीच्या वाटेवर अर्धा तास चालून या, नवीन काही पाहायचं नाही. घाट उजेडात उतरा. आणि घरी शनिवारी पोचा, म्हणजे रविवार कपडे धुवायला, झोपायला आणि वहीतले नकाशे भिंतीवर चिकटवायला मिळतो.